सेठजींनी पुजलेला संगणक

दसरा जवळ आला की ती घटना मला आजही आठवते आणि हसू येते. तेव्हा मी गोंदियात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच एका राइस मिलचे सेठजी तणतणत आत आले.

"साहब, लड़की ने मिल का सारा रेकॉर्ड उड़ा दिया. गुन्हा दाखल करो!"

ही मुलगी म्हणजे मिलची संगणक ऑपरेटर, केशोरी गावची. धानाच्या आवक-जावकीचा जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना, म्हणून तिने एक सॉफ्टवेअर टाकून त्या संगणकाच्या पोटातच दुसरा, जुन्या पद्धतीचा संगणक उभा केला होता. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळले. आता तो पोटातला संगणक उघडतच नव्हता. मुलीने नुकताच राजीनामा दिला होता, तिला सरकारी नोकरी लागली होती. जाता जाता तिनेच घात केला, असे सेठजींचे म्हणणे.

तिची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्याकडे होती. गुन्हा नोंदवला असता तर हातातोंडाशी आलेली नोकरी गेली असती. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि तिला जबाबासाठी बोलावले.

"मी कायले मिटवीन जी? माह्याच हातानं बसवलं होतं. दसऱ्याले त मी घरच्यायसंगं नागपूरले दीक्षाभूमीवर होती. धानाचा ट्रक येनार होता म्हनून आदल्या संध्याकाळी मशीन चालूच ठेवून गेली."

खोटे बोलणारा माणूस आधी शपथा घेतो. हिने एकही घेतली नाही.

तिला सोबत घेऊन पाहणीसाठी मिलमध्ये गेलो, तेव्हा खबर मिळाली ती थेट सेठाणींकडून. चहा देता देता त्या हळूच म्हणाल्या, "भाईसाहब, पूजा के टाइम इन्होंने खुद मेन स्विच गिराया था."

दसऱ्याला मिलमधली सगळी यंत्रे थांबवून पुजायची, हा त्यांचा जुना रिवाज. त्याच खटक्यात चालू संगणकही बंद पडला आणि सेठजींनी त्याला भक्तिभावाने हार घातला!

सायबर शाखेचा आमचा हवालदार संगणकापुढे बसला. अचानक वीज तुटल्याने त्या मशीनच्या सेटिंगची फाईल कोरी झाली होती आणि तिच्यावरची वेळ पूजेच्या मुहूर्ताची होती. पण हे सॉफ्टवेअर नवी सेटिंग लिहिताना आधीची फाईल टाकून देत नाही. नावापुढे 'प्रेव्ह', म्हणजे 'आधीची', असे लावून ती शेजारीच ठेवते. हवालदाराने तिची नक्कल करून मूळ नाव दिले. मशीन उघडले, सगळी नोंद जागच्या जागी होती.

सेठजींनी कपाळाला हात लावला. मग मुलीकडे बघत म्हणाले, "बेटी जा रही थी ना, साहब. उसी का गुस्सा था."

डोळे पुसत ती म्हणाली, "सेठजी, पूजा करा ना, पन आधी बंद त करा!"

सेठजींनी तक्रार मागे घेतली. पडताळणीचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला.

माणसाबद्दल नवे मत बनवताना आधीचे लगेच पुसू नये, एवढे मी त्या फाईलकडून शिकलो. पुढे नोकरीत ते फार कामी आले.

परवा ती तिच्या कार्यालयात भेटली. म्हणाली, दर दसऱ्याला सेठजींचा फोन येतो, "बेटा, अब हार डालूँ क्या?" आणि संगणक नीट बंद झाल्याची खात्री करून ती परवानगी देते.