उत्तम स्थितीतील मणका

डायनाबेन कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी शोकेसकडे बघत. त्या वर्षांत बालासिनोरच्या बाजूला सहलीला जाऊन डायनोसॉरचे हाड खिशात घालून आणायची बडोद्यात फॅशन होती. तसा दगड दिसला की त्या विचारत, "कुठून उचललात?"

यजमान कौतुकाने सांगे, "अहो, तिथे नुसता खच पडलाय."

"खच नाही, तो एक प्राणी आहे. त्याचा तुकडा तुम्ही बाहुल्यांशेजारी ठेवलाय."

पुढचा चहा सगळ्यांना कडूच लागे.

नागरवाड्यात राहणाऱ्या या बाई कॉलेजात भूशास्त्र शिकवत. घर मराठी, पण गल्लीतल्या पोरांनी 'डायनाबेन' नाव पाडले आणि ते चिकटले. त्यांचा प्राणी एकच, लांब मानेचा, झाडपाला खाणारा. "एवढी मान उचलायची म्हणजे चेष्टा आहे? मणक्यांच्या आत हवेच्या खोल्या असणार. नाहीतर बिचारा पहिल्याच झाडाशी तोंडावर आपटला असता."

त्या खोल्या पाहण्यासाठी अखंड मणका हवा होता. तो त्यांना मिळाला. भोवतीच्या खडकासकट, गोणपाट आणि प्लास्टरमध्ये गुंडाळून तो कॉलेजात आला. दातांच्या डॉक्टरकडच्या सुईने त्या खडक कणाकणाने काढत. सुई चालेना तिथे हाड झिजू नये म्हणून त्यावर आधी डिंकासारखा लेप देत आणि व्हिनेगरइतके सौम्य ॲसिड थेंबथेंब सोडत. कुणी घाई केली की म्हणत, "घाई तुम्हाला. याला कुठे जायचंय?" माणसांचे स्कॅन करणाऱ्या एका इस्पितळाने रविवारी मशीन द्यायचे कबूल केले. डॉक्टरांना बाईंनी सांगितले, "पेशंट हलणार नाही, एवढी हमी देते."

तो रविवार येण्यापूर्वी कॉलेजात प्रदर्शनाचे नवे दालन आले. परदेशी भागीदार मिळालेल्या एका कारखानदाराने देणगी दिली होती. ग्रॅनाइटची फरशी बसली, काचेची कपाटे आली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई वर्गावर असताना विभागप्रमुखांनी शिपाई रमणभाईंना ते हाड लख्ख करायचा हुकूम दिला, "पेलुं हाडकुं चकचकीत करी नाखो." बाई हाडाला ॲसिड लावतात, हे रमणभाईंनी रोज पाहिले होते. त्यांनी बाथरूमची फरशी घासायचे ॲसिड आणले आणि मणका बादलीत बुडवला.

बाई आल्या तेव्हा बादली फसफसत होती. लेप न दिलेल्या बाजूने ॲसिड आत शिरले होते. आतल्या खोल्यांच्या पापुद्र्यासारख्या भिंती विरघळून तळाशी गाळ झाला होता.

प्रमुख म्हणाले, "बेन, तिकडे हाडं ढिगानं आहेत. दुसरं आणा."

"साहेब, तुमचा मणका काढून शेजाऱ्याचा बसवला तर चालेल?"

मग प्रमुखांनी रमणभाईंना मेमो द्यायचे ठरवले. बाई त्यांच्या टेबलापुढून हलल्या नाहीत. "हुकूम कुणाचा होता? आधी त्याला द्या." मेमो निघाला नाही. माफीही कुणी मागितली नाही.

उद्घाटन ठरल्याप्रमाणे झाले. पांढराफेक मणका हॅलोजनखाली ठेवला होता. पाहुणे म्हणाले, "वाह, एकदम न्यू लागे छे!" टाळ्या वाजल्या. खाली पाटी होती: 'लांब मानेच्या डायनोसॉरचा मणका. स्थिती: उत्तम.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहुण्यांचा फोटो आला. फोटोत बाई नव्हत्या. त्यांनी उभे राहायला नकार दिला होता.

पाटी बदलावी म्हणून त्या निवृत्तीपर्यंत भांडल्या. "खोटं लिहू नका. 'ॲसिडने आतून नष्ट' असं लिहा. पुढचा माणूस त्यावर काम करील, फसेल." दर वेळी उत्तर मिळे की देणगीदारांना वाईट दिसेल. शेवटी त्यांनी आपली रीत पाडली. नव्या वर्गाला त्या दालनात नेत, एकाला पाटी मोठ्याने वाचायला लावत आणि म्हणत, "आता खरं काय झालं, ते ऐका." निवृत्तीनंतरही दर जूनमध्ये त्या रिक्षाने येत आणि बोलावणे नसताना वर्गापुढे उभ्या राहत. रमणभाई त्यांच्यासाठी दालनाचे कुलूप काढून ठेवत.

गेल्या जूनमध्ये त्या आल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या वारल्या होत्या. नव्या वर्गाला दालन दाखवले गेले. एका मुलीने पाटी वाचली, 'स्थिती: उत्तम', आणि वहीत उतरवून घेतली.

दाराशी रमणभाई उभे होते, आता निवृत्तीला आलेले. मुले बाहेर पडू लागली तसा त्यांनी हात आडवा धरला.

"ऊभा रहो," ते म्हणाले. "ते हाड मी धुतलं. आता खरं काय झालं, ते ऐका."