तीन ऑक्टोबरचं कुलूप

आमच्या जर्मन कंपनीच्या कॅलेंडरवर तीन ऑक्टोबरची लाल तारीख दिसली की मला तो शुक्रवार आठवतो. जर्मनीच्या व्हिसासाठी माझा पासपोर्ट मी नोकरीला असलेल्या या परदेशी बेटावरच्या त्यांच्या दूतावासात दिलेला होता, आणि सकाळीच पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला की आई गेली. हौगांगच्या घरून टॅक्सीने दूतावासाच्या इमारतीत पोचलो तर त्यांच्या दाराला कुलूप. "जर्मन हॉलिडे, सर," म्हातारा तमिळ वॉचमन हळूच म्हणाला, "मंडे पण हरी राया, ईदची सुट्टी. ट्यूसडे या लाह." मधे शनिवार-रविवार. त्यांच्या देशाच्या एकीकरणाचा तो आनंदाचा दिवस, दोष तरी कुणाला देणार? लॉबीतल्या एसीने अंग गारठत होतं, काचेबाहेर ऊन रणरणत होतं, आणि पासपोर्टाशिवाय मला या बेटावरून हलता येत नव्हतं. भावाने पुन्हा फोन केला. "दादा, किती वेळ थांबू?" अग्नी थोरल्याने द्यायचा, म्हणजे मी. "थांबू नकोस," मी म्हणालो, "तूच दे." तो नुसतं "बरं" म्हणाला. बुधवारी घरी पोचलो तेव्हा दार त्यानेच उघडलं. त्याचं मुंडन झालेलं होतं. त्या दिवशी स्मशानात तो एकटा कसा उभा राहिला, हे मला त्याला अजूनही विचारता आलेलं नाही.