जॅकचा दांडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, बायकोलाही नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. हा कागद तीनदा फाडून झाला. आता लिहूनच उठणार.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गाडी घेतली, की तो हमखास माझ्याकडे येतो. काका, घरी ठेवायला जॅक कुठला घेऊ? की मी सुरू. चाकांचा घे, ट्रॉली जॅक. गाडीच्या वजनाला पुरून उरेल असा घे. तेल झिरपत नाही ना, ते आधी बघ. सपाट फरशीवरच लाव, उतारावर नको. बाकीच्या चाकांना दगड लाव. आणि जॅक गाडी उचलण्यापुरता असतो, धरून ठेवायला नसतो. उचललीस की लगेच खाली ठोकळे सरकव. ठोकळे नसतील तर हात घालूच नकोस! माझा आवाज चढतो. मंडळी मागून हसतात, काकांचं जॅकपुराण म्हणतात. हसू देत. हे सगळं मला वसंतानं शिकवलं, एवढं मात्र मी कुणाला सांगत नाही.

वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. परळच्या एका गिरणीत फिटर होता, राहायला तिथल्याच चाळीत. मी शिवाजी पार्कला, वडिलांच्या ब्लॉकमध्ये. विम्याच्या कचेरीत कारकून होतो आणि वडिलांच्या मागे त्यांची जुनी विलायती गाडी माझ्याकडे आली होती. गाडीची हौस मला, अक्कल वसंताला.

जॅकही त्यानंच निवडला. जुन्या बाजारात दुकानासमोरच्या एका गाडीखाली तो लावला, गाडी उचलली, मडगार्डपासून जमिनीपर्यंत दोरी धरून तिला गाठ मारली आणि म्हणाला, “चल, चहा मारू.” परत येऊन पुन्हा दोरी लावली. गाडी केसभरही उतरली नव्हती. “हा नाय बसायचा कधी. डोळे मिटून घे,” तो म्हणाला. मग त्यानं मला जॅकचा लांब दांडा दाखवला. वरखाली केला की गाडी चढते. उजवीकडे पिळला की व्हॉल्व्ह बंद. डावीकडे पिळला की व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी खाली येते. हे त्यानं मला दोनदा करून दाखवलं, आणि मी ते त्याच्यासमोर करून पाहिलं. म्हणजे मला माहीत होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी हरताळ होता. गिरण्या बंद, कचेऱ्या बंद, गॅरेज बंद. रस्त्यावर गाडी काढायची सोयच नव्हती, म्हणून ब्रेक उघडायला तोच दिवस बरा, असं आमचं ठरलं. काम उरकून वसंता मोर्चात जाणार होता. मागच्या अंगणात, शहाबादी फरशीवर आम्ही गाडी घेतली. त्यानं जॅक लावला, गाडी उचलली, पुढचं चाक काढलं.

“ठोकळे खंय?” त्यानं विचारलं. कामात असला की त्याच्या तोंडात मालवणी यायची.

ठोकळे नव्हते. आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सभेचं व्यासपीठ हलत होतं, म्हणून कार्यकर्ते काही मिळतंय का बघत होते, आणि मी मोठ्या ऐटीत चारही ठोकळे नेऊन दिले होते. आमच्यासारख्या पांढरपेशांकडे तेव्हा लोक जरा संशयानंच बघत. हे बसणार गॅलरीत, मार खाणार आम्ही, असं. मलाही काहीतरी देऊन दाखवायचं होतं. वसंताला ते पटलं, चळवळीसाठी दिले म्हणजे बोलायचंच काय. “मग काढलेलं चाक तरी खाली आडवं सरकव,” एवढं बोलून तो बाजूला फरशीवर आडवा झाला आणि उजवा हात त्यानं आत घातला.

हो, म्हणालो मी. आणि चाक सरकवलं नाही. का नाही सरकवलं? — त्याच वेळी रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या, म्हणून. झालाच पाहिजे! हजारो गळे. छातीत कसं धडधडतं ते ऐकताना, काय सांगू! बायकोनं जुन्या छत्रीच्या कापडाचा काळा झेंडा शिवून दिला होता, तो माझ्या खिशात होता. पण काठी नव्हती. नुसतं फडकं हातात धरून फाटकावर उभं राहायचं? लाज वाटली असती. आणि समोर तो दांडा, चांगला लांब, हाताशी.

तो जॅकमध्ये जरा घट्ट बसला होता. मी तो पिळला. डावीकडे. आणि ओढून काढला.

तुम्ही म्हणाल, घाईत झालं, लक्षात आलं नाही. नाही हो. पिळताना मनात आलं होतं. चटकन, पाल चुकचुकावी तसं. आणि मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, एका मिनिटात परत लावतो.

झेंडा दांड्याला बांधून मी फाटकावर उंच धरला. मोर्चातल्या एकानं माझ्याकडे बघून हात वर केला. केवढा खूश झालो होतो मी! त्या गोंगाटात वसंतानं हाक मारली असेल, तर मला ऐकूच आली नाही. ऐकू आली ती किंकाळी.

धावत गेलो. गाडी हळूहळू बसत खाली आली होती आणि आत अडकलेला त्याचा हात ब्रेकच्या ड्रमखाली फरशीवर चिरडला होता. मी दांडा घातला, व्हॉल्व्ह आवळला, गाडी उचलली, हात सोडवला. मग झेंडा काढून डिकीत कोंबला. लोक धावून येईपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. वसंताचे डोळे मिटलेले होते.

उजव्या हाताची तीन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो, सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. त्याच्या उशाशी सुशीलावहिनी बसल्या होत्या. “भावजी, झालं कसं ओ हे?” त्यांनी विचारलं. आणि मी — मी वसंताकडे वळून विचारलं, “वसंता, व्हॉल्व्ह नीट आवळला होतास ना रे?”

नुसता प्रश्न. खोटं एक अक्षरही नाही त्यात. केवढा हुशार मी!

तो आठवून बघू लागला. जॅक चांगला होता, त्यानंच पारखून घेतलेला. चाक सरकवायची वाट न बघता हात घातला, तोही त्यानंच. जॅकला दोष नाही, तर मग कुणाला? “आवळला असं वाटतंय,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “नसेल आवळला.” वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी तिथेच उभा होतो.

व्हॉल्व्ह त्यानं आवळला होता. मी पाहिलं होतं.

गिरणीत त्याला फिटरच्या कामावरून काढून दारावर बसवलं. पुढे वर्षानुवर्षं तो नव्या फिटरांना आपला हात दाखवून सांगायचा, बघा, व्हॉल्व्ह आवळायला विसरलो म्हणून ही गत. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही, तीन-चारदा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. काय अडत होतं? कुणी मला तुरुंगात घालणार नव्हतं. फक्त वसंताच्या नजरेतून उतरलो असतो. तेवढ्यासाठी मी त्याला त्याच्याच नजरेतून उतरू दिलं. वसंता जाऊन आता बरीच वर्षं झाली.

एक सांगायचं राहिलं. सांगू नये असंही वाटतंय.

महाराष्ट्र झाला, त्या दिवशी सकाळी तो परळहून चालत आमच्याकडे आला. अंगावर धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. पार्कात ढोल वाजत होते. त्यानं पुडा टेबलावर ठेवून दोरा दातानं तोडला, एक पेढा उचलला आणि थांबला. “डाव्या हातानं देतोय रे, राग मानू नको,” म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, त्या दिवशी मी तुझ्या दारात नसती भानगड केली. मोर्चाचा दिवस होता आणि तुला इस्पितळाच्या खेपा घालायला लावल्या. तेवढी चूक पोटात घाल.

मी पेढा घेतला, खाल्ला. “जाऊ दे रे,” म्हटलं, “होतं असं एखाद्याच्या हातून.” आणि त्याला माफ केलं.