अडकलेला हात

आज सकाळी माझी छकुली पालथी पडली. पडली असं मी म्हणते, पण नक्की सांगता येत नाही. ती कुशीवर वळते, जोर करते आणि तिचा एक हात छातीखाली अडकतो. मग रडून ती पुन्हा उताणी होते. शेजारचं तिच्याहून लहान बाळ केव्हाच पालथं पडलं, म्हणून माझ्या जिवाला घोर. आज तो अडकलेला हात मी हळूच ओढून काढला. तिने लगेच मान उचलली.

सासूबाई चुलीपाशी होत्या. "पडली का गं? गुळाच्या पोळ्या वाटायला हव्यात आळीत!"

"हो आई. म्हणजे, हात मी काढला."

"मग तिची ती पडली की तू पाडलीस? अर्ध्याच पोळ्या लाटू का?"

त्या हसल्या. मी छकुलीला उचलून घेतलं. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, या घरी आले. त्यातलं माझं मी किती केलं आणि कुणी हाताला धरून किती करवलं, तेही मला कुठे सांगता येतं?

दुपारी तिला परत दुपट्यावर ठेवलं आणि माझे हात पदराखाली घेतले. आत सासूबाई गूळ किसत होत्या. छकुली वळली. हात अडकला. या वेळी ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ये म्हणते की थांब म्हणते, मला कळेना. तिचा हात छातीखाली, माझे पदराखाली, आणि दोघी तशाच एकमेकींकडे बघत राहिलो.