खडखडे मिस्त्रींची फाळकी

सन दोन हजार अठरा. माझं वय पासष्ट. त्या वर्षी द्राक्षं संपली आणि उन्हाळ कांदा निघायच्या आत माझ्या पोटच्या पोरानं, संदीपनं, आपली नवी सपाट ट्रॉली माझ्या दुकानासमोरून नेली, रस्ता ओलांडला आणि माझ्या साडूच्या दारात उभी केली. मी वेल्डिंगचा होल्डर हातात धरून बघत राहिलो. पिंपळगावात माझं दुकान त्याच्या आधीचं. गेट, ग्रिल, ट्रॉल्या, सगळं करतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा या लिहिण्यात वाकडंतिकडं सापडलं तर सापडू द्या. माझ्या वेल्डिंगमध्ये सापडणार नाही.

साडूला सगळं गाव खडखडे मिस्त्री म्हणायचं. आडनाव वेगळंच होतं, पण ते लग्नपत्रिकेपुरतं. त्यानं केलेली ट्रॉली हायवेला लागली की ट्रॅक्टर दिसायच्या आधी फाळकी वाजलेली ऐकू यायची. खडखड, खडखड. दुसऱ्या एखाद्या कारागिराला लाज वाटली असती. हा बशी तोंडाशी नेता नेता थांबायचा, बोट वर करायचा आणि बसलेल्यांना म्हणायचा, "ऐका. आपली चालली." आणि बसलेले लोक खरोखर ऐकायचे! माझ्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं गुपचूप निघून जायच्या. त्यांच्यासाठी कुणी बशी खाली ठेवली नाही.

आमचं नातं असं, की वयानं मी मोठा. पण त्याची बायको थोरली बहीण आणि माझी धाकटी. त्यामुळे सासुरवाडीला पहिला टिळा त्याला, पहिलं पान त्याला, धोंड्याच्या महिन्यात मोठी परात त्याला. मी दोन नंबरच्या पाटावर बसून त्याच्या पानातली पुरणपोळी बघायचो. माझी मंडळी त्याला दाजी म्हणायची, आणि घरी शेवभाजी जमून आली की पहिली वाटी रस्त्यापलीकडे जायची. "दाजींना आवडती." आवडायला काय, मलाही आवडते.

आता कामाचं सांगतो. आमच्याकडे शेतकऱ्याला एकच ट्रॉली दोन प्रकारची लागते. द्राक्षाचे क्रेट, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, मांडवाचे अँगल न्यायचे तर सपाट पाहिजे. कांदा मोकळा भरून मार्केटला न्यायचा तर चारी बाजूंनी भिंती पाहिजेत. त्या भिंती म्हणजे फाळकी. ती काढता-घालता आली पाहिजेत. ट्रॉलीच्या कडेला चौकोनी पाइपाचे तुकडे उभे जोडायचे, फाळक्याचे पाय त्या खाचांत उतरवायचे आणि आडवी खीळ मारायची. काम एवढंच. पण त्याच्यात माणूस कळतो.

माझं फाळकं खाचेत असं बसायचं की मधून केस जाणार नाही. हात फिरवा, सांधा लागायचा नाही. त्याच्या खाचेत बोट जायचं! तो मुद्दाम बोट घालून बघायचा, गेलं की खूश. मी एकदा तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, खाच केलीय की उंदराचं बीळ?" तर हसला. म्हणाला, "साडूभाऊ, वाजतं ते निघतं. उपाशीपोटी शिवलेला सदरा जेवल्यावर बटनं तोडतो. भरलेली ट्रॉली पोट सोडून बसती, मग तुमचं फाळकं हालतंय का बघा."

यात त्याचं म्हणणं असं, की माल भरला की ट्रॉलीचा पाटा, म्हणजे तळ, वजनानं जरासा वाकतो, खाचा तिरक्या होतात, आणि घट्ट फाळकं अडकून बसतं. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा ओतायला फाळकं भरल्या ट्रॉलीचंच काढावं लागतं, हे मलाही माहीत आहे. त्याला मी उत्तर दिलं होतं, की घण कशाला असतो? घणानं निघतं. पण लोकांना आजकाल घण उचलायचा कंटाळा.

दुसरी त्याची तऱ्हा कड्यांची. माल आवळायला दोर ज्यांत ओवतात त्या कड्या. मी सुतळी ताणून, टेपनं मापून, सारख्या अंतरावर लावतो. शाळेची पोरं प्रार्थनेला उभी केल्यासारख्या. हा टेप काढायचाच नाही. शेतकऱ्याला म्हणायचा, माल घेऊन या. क्रेट नाहीतर गोण्या त्याच्याच दारात ट्रॉलीवर चढवायचा, मग मालकाला म्हणायचा, "बांधा आता. घरी बांधता तसंच बांधा. मी इथं नायच." मालक दोर फेकायचा, ओढायचा, वाकायचा, आणि हा मागून खडू घेऊन फिरायचा. जिथं हात आपोआप खाली जाईल तिथं खूण, तिथंच कडी. "दोराला विचारा त्याला कुठं जायचंय. आपण कोण सांगणार?" त्या कड्या बघाल तर पडक्या दातांसारख्या. इथं दोन जवळ, तिथं लांब एक.

एका डावखुऱ्या बागायतदाराची ट्रॉली त्यानं अशीच केली आणि पुढं ती विकली गेली. घेणारा उजव्या हाताचा. तो माझ्या दुकानात येऊन जी शिवीगाळ करत होता, ती मी त्याला चहा पाजून दोनदा ऐकली. नंतर बरीच वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. गिऱ्हाईक हसायचं आणि उठून रस्त्यापलीकडे जायचं.

तर संदीपला मी त्या दिवशी विचारलं, "आपल्या घरात दुकान असताना तू तिकडं का गेलास?"

"अण्णा, तुमचं काम पक्कं हाय."

"मग?"

"लय पक्कं हाय. मागच्या वर्षी खळ्यावर फाळकं निघंना, मागं ट्रॉल्यांची रांग लागली. व्यापारी म्हणला, तुझ्या बापानं बनवलीय का तिजोरी?"

"मग घण न्यायचा. मी काय घण द्यायला नाय म्हणलो असतो?"

संदीप परत ट्रॉलीकडे निघाला. रस्त्यापलीकडून साडू ओरडला, "साडूभाऊ, या की चहाला! तुमच्याच ट्रॉलीचं काम चाललंय!"

"माझी नाय, पोराची!" मी ओरडलो आणि मशीन चालू केलं. जोडायला काही नव्हतं. एक भंगार पट्टी दुसऱ्या भंगार पट्टीला जोडली. पण डोळ्यावरची काच वर करून मी सगळं बघत होतो. माझा पोरगा दोर ओढत होता, वाकत होता, आणि माझा साडू त्याच्या मागं खडू घेऊन फिरत होता. लहानपणी चालायला शिकताना मी त्याच्या मागं फिरायचो, तसा.

ट्रॉली घरी आली. त्या दिवसापासून माझ्या अंगणात रोज सकाळी खडखड. उन्हाळ कांद्याला फाळकी चढली की महिनोन्‌महिने उतरत नव्हती, कारण मागच्या बाजूचं एक काढलं की कांदा ओतायला भागायचं. बाजूची दोन नुसती वाजायची. माझ्या घरात, माझ्या दारात, त्याचं नाव! अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात मी टायरमधली जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या केल्या आणि बाजूच्या दोन्ही फाळक्यांच्या खाचांत स्क्रू-ड्रायव्हरनं ठासून बसवल्या. उजेडात, सगळ्यांसमोर. माझ्या पोराच्या ट्रॉलीत मी काय घालायचं ते मला कुणी शिकवू नये. ट्रॉली गप झाली. संदीपही म्हणाला, "बरं झालं अण्णा, कान किटले व्हते."

दोन-चार दिवसांनी साडू रस्ता ओलांडून आला. त्याला तेव्हा कमी दिसायला लागलं होतं. जन्मभर काच डोळ्यावर न घेता ठिणगी बघितली, दुसरं काय होणार? माझी काच कायम डोळ्यावर. या वयात सुईत दोरा ओवतो. म्हणाला, "साडूभाऊ, संदीपची ट्रॉली आजारी हाय का? गेलेली कळंना."

म्हटलं, "चांगल्या घरात मोठ्यानं बोलत नसतात."

तो हसला आणि चाचपडत रस्ता ओलांडून परत गेला. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तर त्यालाही हात केला. ट्रकवाला थांबला. माझ्यासाठी कधी थांबला नसता.

त्याची बायको, आमची थोरली, आधीच गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काम बंद सांगितलं, तशी त्याची मुलगी म्हणाली, बाबा आता देवळ्याला आमच्याकडे. दुकान आवरलं. सामान न्यायला ट्रॉली अर्थातच संदीपची. मी जाणार नव्हतो. मंडळी म्हणाली, "दाजी गाव सोडून चाललेत आणि तुम्ही घरात बसणार? बसा. पण मग जेवायला पण बसू नका." म्हणून गेलो.

सामान त्यानं स्वतः बांधलं. लोखंडी कपाट, पलंग, कोठ्या, पिंपं, त्याची जड ऐरण. कुणाला हात लावू दिला नाही. दोर या बाजूनं टाकायचा, हातानं फाळक्याच्या कडेनं चाचपत यायचा, आणि कडी जिथं असेल तिथं त्याचा हात बरोब्बर जाऊन थांबायचा. कड्या संदीपच्या हाताच्या मापानं होत्या. पण लावलेल्या साडूच्याच हातानं. मी बघून मान फिरवली.

ट्रॅक्टरच्या एका मडगार्डवर तो, दुसऱ्यावर मी, मधे संदीप. चांदवड मागं पडलं. मग तो म्हणाला, "लय शांत चाललीय."

म्हटलं, "रस्ता चांगला झालाय."

देवळ्यात मुलीचं घर गल्लीत. ट्रॉली मागून लागेना, म्हणून दारासमोर आडवी लावली. बाजूचं फाळकं काढायचं आणि कपाट सरळ ओट्यावर घ्यायचं, असं ठरलं. दोर सोडला, खिळी काढल्या, संदीपनं फाळकं वर उचललं. हललं नाही. दोघांनी उचललं. हललं नाही. ऐरणीच्या वजनानं पाटा वाकलेला, खाचांत रबर ठासलेलं. मुलीची सासू दारात भाकर-पाणी ओवाळायला घेऊन उभी होती. ती तिकडच्या अहिराणीत म्हणाली, "काय व्हयनं हो?" गल्लीतली माणसं गोळा झाली. व्याही म्हणाले, "मिस्त्री, तुमची फाळकी तर फुंकर मारली तरी निघत्यात म्हणं!"

साडू पुढं झाला. त्यानं सवयीनं खाचेत बोट घातलं. जायला पाहिजे होतं ते गेलं नाही. नखानं खरवडलं, बोट नाकाशी नेलं, वास घेतला. ट्यूबचा वास ओळखायला डोळे लागत नाहीत. त्यानं माझ्याकडे तोंड केलं. मी होतो तिथंच, बरोब्बर. कसं कळलं देव जाणे.

संदीपनं तोंड उघडलं, "काका, ते आमच्या अण्णांनी..."

"गप रे," साडू म्हणाला. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझंच काम हाय. कांदा निघायच्या आत ट्रॉली पायजे म्हणून पोरगं घाई करत व्हतं, मी पण घाई केली. कारागीर म्हातारा झाला व्याही, दुसरं काय! आणा घण."

लोक हसले. तोही हसला. जन्मात ज्यानं स्वतःच्या कामाला नाव ठेवू दिलं नाही, तो नवीन घराच्या उंबऱ्यावर, पहिल्या पावलाला, व्याह्यांसमोर हसू करून घेत उभा होता. घण आणला. मी घेतला, दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. तीन घावांत फाळकं निघालं. घणानं निघतं, हे मी आधीपासून सांगत होतो.

जेवणं झाली. पहिलं पान त्याला. निघताना तो ट्रॉलीपाशी आला आणि फाळक्यावर हात ठेवून हळू म्हणाला, "साडूभाऊ, आता दिसायचं बंदच व्हईल. संदीप कधी इकडं कांदा घेऊन आला तर गल्लीच्या तोंडाशीच कळू द्या. एवढं करा."

मी म्हटलं, "बघू."

परत येताना अंधार पडेपर्यंत मला एकच गोष्ट सलत राहिली. त्या ट्रॉलीवर त्याच्या हातचं सगळं होतं. फाळकी त्याची, खाचा त्याच्या, कड्या त्याच्या. माझ्या हातचं एकच काम होतं, ते रबर. तेही चारचौघांत त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि तिथंही पहिला टिळा त्यालाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी पक्कड घेऊन ट्रॉलीपाशी उकिडवा बसलो आणि एकेका खाचेतून रबर ओढून काढलं. मंडळीनं ओट्यावरून विचारलं, काय करताय? म्हटलं, रबर हलक्या प्रतीचं निघालं. मग फाळकी चढवली, खिळी मारल्या आणि प्रत्येक खाचेत बोट घालून बघितलं. जात होतं. ट्रॅक्टर चालू केला आणि कुठं जायचं नसताना हायवेपर्यंत एक चक्कर मारून आलो.