वरच्या अंगाची दाढ

मंगळवार, १७ जानेवारी १९९५, कराड. नळ उशिरा आला. थंडी बरीच. गुडघा धरल्यामुळे बँकेत जाणे झाले नाही. चंद्राबाई वाकळ शिवायला आली, पण तोंडाला पदर लावून बसली होती. उजवीकडची वरची दाढ दुखते म्हणाली. भाकरी चावेना, म्हणून पाव चहात बुडवून दिला. मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करायला लावल्या. केल्या, पण लगेच वर मिसरी लावली.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. दाढदुखीबद्दल याहून जास्त काय लिहायचे, असे तेव्हा वाटले असणार.

चंद्राबाई मूळची दहिवडीकडची. त्या भागातले पुरुष मुंबईला हमालीला जातात, तसा तिचा नवरा नाथाजीही गेला होता. तो तिकडेच वारला. मुलगा सिद्धू इथल्या एका साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीत ट्रॅक्टरवर लागला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग कराडला आली आणि घरोघर वाकळा शिवू लागली. आपण जुनी लुगडी काढून द्यायची. ती ओसरीवर एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता, जे जड मिळेल ते ठेवायची आणि कडेने धावदोरा घालत आत आत यायची. तिच्या टाक्यांच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या असत. सुईत दोरा ती न बघता ओवते असे मला वाटे. तसे एकदा म्हटले, तर हसली.

"बगूनच ओवती की वैनी. माजी नजरच लय फास्ट हाय."

त्या नजरेचा तिला अभिमान होता आणि ती जाईल अशी भीतीही होती. तिच्या लहानपणी तिच्या मामाची वरची दाढ आठवडी बाजारात बसणाऱ्या एका दात काढणाऱ्याने पकडीने ओढून काढली होती. पुढे मामाचा त्या बाजूचा डोळा गेला. दोन्हींत किती काळ गेला, मध्ये काय झाले, ते तिला माहीत नव्हते. वरच्या दाढेची शीर डोळ्याला जाते, एवढे मात्र तिला पक्के माहीत होते. तिलाच कशाला, आमच्या गल्लीत विचारले तरी दहातल्या नऊ जणी हेच सांगतील.

दातांची तिची सगळी निगा म्हणजे मिसरी. आमच्या मागच्या अंगणात तिने एक फुटका तवा ठेवला होता. त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, कंटाळा आला की, दुखले की, डावा तळवा पुढे आणि उजव्या हाताचे बोट तोंडात. तिच्या हिरड्या दातांपासून सुटून काळ्या पडल्या होत्या. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागे. ती म्हणे, वाईट रक्त जातंय ते बरंच हाय.

मी पाचगणीच्या शाळेत वाढले. तिथे सिस्टर रोज सकाळी आम्हाला ओळीत उभे करून दात बघत. ते मी तिला सांगायची, ब्रश आणून द्यायची. ब्रशने ती सिद्धूचे स्टोव्हचे बर्नर साफ करी. आणि माझ्या बोलण्याला तिचे उत्तर तयार असे.

"आवं वैनी, तुमी जलमभर बुरूस फिरवला, आन तुमचं दात वाटीतल्या पाण्यात पवत्यात. माजं बगा, सगळं जाग्याव."

माझी कवळी खरीच. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट होते. घरात साखर कधी कमी पडली नाही आणि झोपताना गोड दूध पिण्याची सवय मला त्या घरात लागली. ब्रश सकाळी फिरे, साखर रात्रभर दातांवर बसे. हे तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग साकर वाईट. मिसरी कुटं वाईट?" यावर तिने स्वतःच टाळी वाजवली.

त्या आठवड्यात दुखणे वाढले. तिने दाढेच्या खड्ड्यात मिसरी दाबून भरली, वर लवंग ठेवली. गाल सुजला. मी तिला रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आरशाने बघितले आणि तिलाही दाखवले.

"बाई, दाढ पार किडलीय, हिरडीपण सोडलीय. मुळाशी पू झालाय. या गोळ्या पाच दिवस घ्या. एकही चुकवायची नाही. शुक्रवारी या, दाढ काढून टाकू."

"काढायचीच का? गोळीनं न्हाई का बरी हुनार?"

"गोळीनं सूज उतरेल. किडलेलं आत तसंच राहील."

"डोळ्याला काय हुनार न्हाई न्हवं?"

डॉक्टर हसले. वाईट मनाने नाही, दिवसातून कितीदा तरी ऐकतात म्हणून हसले. "डोळ्याचा आणि दाढ काढण्याचा काही संबंध नाही, बाई." ते हसले हे मात्र तिने लक्षात ठेवले. परत येताना म्हणाली, "त्येंचा डोळा जात न्हाई, त्येंना हसायला काय जातंय?"

पण शुक्रवारी येते म्हणाली. गोळ्या घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला बरे वाटले. ओसरीवर बसून तिने वाकळेच्या तीन ओळी घातल्या आणि मला त्या पुन्हा पुन्हा बघायला लावल्या.

शुक्रवारी ती आली नाही. सून छबू निरोप घेऊन आली की मामी, म्हणजे सासूबाई, पावण्यांकडे गेल्यात. बोलताना तिने माझ्याकडे बघितले नाही. मला वाटले, दुखायचे थांबले म्हणून टाळते आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन जाऊ. सोमवारपर्यंत काही कळले नाही. मंगळवारी दुपारी मी काठी घेऊन ओगलेवाडीच्या रस्त्याला तिच्या खोलीवर गेले.

चंद्राबाई चुलीपुढे बसली होती. तव्यावर कोंड्याची पुरचुंडी तापवून ती गालाला शेक देत होती. गाल चकाकत होता. उजवा डोळा तिने मिटला नव्हता, पापण्याच सुजून बंद झाल्या होत्या आणि त्यांच्याखालचा सगळा डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता. अंगात ताप होता.

"चंद्राबाई, गोळ्या कुठे आहेत?"

छबूने फळीवरचा डबा काढून दिला. निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या.

"दुकायचं ऱ्हायलं, मग कशाला खायच्या?" चंद्राबाई म्हणाली. तिचे तोंड नीट उघडत नव्हते. "छबूची बी दाड किडलीया. तिला हुत्याल म्हनून ठिवल्या."

"आणि हा शेक कुणी सांगितला?"

"शेक काय कुनी सांगाया लागतंय व्हय?"

मी म्हटले, चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तिने चुलीशेजारची मेढ, छपराचा लाकडी खांब, घट्ट धरली.

"न्हाई वैनी. तिथं दाड काढत्याल."

"अगं, डोळा बघ तुझा!"

"डोळ्यासाठीच तर बसलीया. सूज आज उद्या फुटंल. दाड काढली की डोळा ग्येलाच म्हनायचा. मग मी काय करू? धुनंभांडी तरी कोन दील कानीला? सुईच्या जिवावर हाय मी."

दारात शेजारणी जमल्या होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आवं, नेऊ नगासा तिला. तिच्या मामाचं म्हाईत हाय आमाला." मी त्यांना समजावले, विनवले, शेवटी ओरडले. चंद्राबाई मेढ सोडेना. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि तिचे पाय धरले. आयुष्यात मी कुणाचे पाय असे धरले नव्हते. तेव्हा ती रडायला लागली, पण मेढ तिने तरीही सोडली नाही.

सिद्धू ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेला होता. त्याला बोलावून आणेपर्यंत दिवस मावळतीला आला. त्याने आईला नुसते बघितले आणि उचलले. कराडच्या डॉक्टरांनी तपासले, इंजेक्शन दिले आणि मिरजेला न्यायला सांगितले. भाड्याच्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी होती. पेठ नाक्याच्या पुढे तिने डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि उजव्या डोळ्याच्या पापण्या बोटांनी उघडून समोर बघायचा प्रयत्न केला. समोरून ट्रक येत होते, त्यांचे दिवे आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पडत होते.

"सिद्धू," ती म्हणाली, "गाडीतला दिवा लाव रं."

सिद्धूने दिवा लावला.

"लाव की रं."

त्याने माझ्याकडे बघितले.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पू दाढेच्या मुळातून वर डोळ्यामागे चढला होता. तो काढला, दाढही काढली. जीव वाचला. लवकर आणले असते तर डोळा बहुतेक राहिला असता, असे त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितले. हेच चंद्राबाईला सांगा म्हटल्यावर त्या तिच्या खाटेशी गेल्या, हात धरून बसल्या आणि सोप्या भाषेत सगळे सांगितले. दाढ काढल्यामुळे नाही, दाढ न काढल्यामुळे डोळा गेला. ती ऐकत होती. जिभेने रिकामी जागा चाचपत होती.

त्या गेल्यावर ती मला म्हणाली, "काडलीसा न्हवं दाड?"

"काढली."

"आन डोळा ग्येला."

"आधीच गेला होता चंद्राबाई. जीपमध्येच तुला दिवा दिसला नाही."

"ते सुजंमुळं. सूज उतरल्याव दिसलं आसतं." ती भिंतीकडे वळली. "आसू द्या वैनी. तुमी मायेनं केलंसा."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान हलवली. आमच्या आत्याचंबी असंच झालं, म्हणाली. ओगलेवाडीच्या त्या वस्तीतही दाढ काढल्यानेच डोळा गेला असे ठरले. मला कुणी बोल लावला नाही. शिकलेल्या माणसांना यातले कळत नाही, एवढेच त्यांनी मनात ठेवले असावे. छबू दवाखान्यात एसटीने अधूनमधून डबा घेऊन यायची. तिचाही गाल कधी कधी फुगलेला दिसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ये, बघते. ती डबा तिथेच टाकून जिन्याने खाली पळाली.

एप्रिलमध्ये चंद्राबाई पुन्हा वाकळेला आली. अर्धी राहिलेली वाकळ मी तशीच घडी करून ठेवली होती. तिने ती अंथरली, कोपऱ्यांवर पाटा आणि खलबत्ता ठेवला. सुई धरली आणि दोरा पुढे नेला. दोरा सुईच्या अलीकडे गेला, मग पलीकडे गेला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, जमंल." जमले नाही. शेवटी मी ओवून दिला. टाका घालताना सुई बोटात शिरली. रक्ताचा ठिपका लुगड्यावर पडला, तो तिने थुंकीने पुसला. नव्या ओळी जुन्यांपासून वाकड्या होत गेल्या. तिने त्या बघितल्या आणि उसवल्या. पुन्हा घातल्या.

दुपारी जेवताना ती एकदम थांबली. घास तोंडातच. हात डाव्या गालावर.

तिनेच सांगितले.

"ह्या अंगाची."

"वरची?"

"व्हय."

मी उठले. दातांच्या डॉक्टरांकडे आत्ता जाऊ म्हटले. नुसते दाखवू, काढायची नाही, माझी शपथ. मी तिच्या शेजारी उभी राहून कितीतरी बोलले. या वेळी लवकर आहे, अजून सूज नाही, नुसते साफ करून भरतासुद्धा येईल, असे सांगितले. हा एकच डोळा उरला आहे, हे मात्र मी बोलले नाही. तेच तीही मनात म्हणत होती.

"वैनी," ती म्हणाली, "मागल्या बारीला तुमचं ऐकलं." आवाजात राग नव्हता. "आता ह्यो एकच हाय. पाया पडती तुमच्या. पुन्ना म्हनू नगा."

तिने कनवटीची डबी काढली. मी तिच्या हातावर हात ठेवला. डबी काढून घेतली नाही, नुसता हात ठेवला. मग ती म्हणाली, "मिठाचं पानी करा बरं. त्येवढं ऐकती."

मी पाणी तापवले, मूठभर मीठ घातले. तिने मोरीत बसून गुळण्या केल्या. थांबली की मी पुन्हा तांब्या भरून द्यायची आणि ती मुकाट्याने घ्यायची, जणू पाणी संपेपर्यंत तरी बाकीचे काही ठरवायला नको. ऊन उतरले तरी आमचे तेच चालले होते. मोरीतले पाणी आधी काळे, मग तांबूस वाहत होते. जाताना तिने मिसरीची डबी नेलीच. उद्या येते म्हणाली.

तिच्या वाकळेची घडी केली. दिवा लावला. वही उघडून तारीख घातली आणि खाली लिहिले: मीठ संपले. उद्या आणणे.