रघूभाऊंचे चौदा धडे

जंगलखात्यात कामाचा डोंगर उपसला तरी मागाहून आठवतात ते किस्सेच! भामरागडला मी कारकून होतो, तेव्हाचे निम्मे किस्से एकट्या रघूभाऊंचे, आणि त्यातले बहुतेक त्यांच्या एका पुस्तकाचे.

रघूभाऊ आमचे वनरक्षक. वाघाला न भिणारा हा माणूस साहेबासमोर मात्र मुका! बायको सिंदेवाहीला, तिचे दिवस भरत आलेले. पावसाळ्यात भामरागडचे रस्ते बंद. त्याआधी तिकडे बदली मागायला हवी होती. म्हणून भाऊंनी पोस्टानं जाडजूड पुस्तक मागवलं: माणसानं धीट आणि यशस्वी कसं व्हावं!

*

पुस्तक आलं, आणि दुसऱ्याच दिवशी भाऊंचं तोंड उतरलेलं.

"चाळीस पानं झाली बाबू, पहाटे उठा एवढंच सांगून राह्यला! मी तं चारले उठतो. मंग यशस्वी काऊन नाई?"

*

एक धडा आरशासमोर बोलण्याचा. आरसा दाढीचा, तळहाताएवढा.

"यात डोळा दिसते नाई तं तोंड," भाऊ वैतागले. "बोलू कोनाशी?"

*

लालसूदादा आमच्याकडचे म्हातारे माडिया आदिवासी मजूर. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकून झाड पोकळ आहे का, ते अचूक सांगत. भाऊंनी त्यांना अर्धा तास वाचून दाखवलं. दादांनी पुस्तक घेतलं, बोटानं ठोकलं, कान लावला.

"हे नोको तोडू. अंदर काई नाई!"

*

तरी भाऊ डुलक्या खात वाचतच राहायचे.

"बायकोसाठी वाचून राह्यलो बाबू," एकदा म्हणाले. त्यानंतर त्यांची थट्टा करायचं मला जमलं नाही.

*

मग साहेब पावसाळ्याआधीच्या शेवटच्या दौऱ्यावर आले. भाऊ पुढे झाले, पुस्तकात सांगितल्यासारखे हसले, साहेबांच्या टोपीची तारीफ केली, आणि बदलीचं राहूनच गेलं! साहेब जीपकडे निघाले. तेवढ्यात लालसूदादा साहेबांना आडवे गेले.

"साहेब, याची बाई पोटुशी हाये, सिंदेवाहीले. नदी भरली का हा इथीच अडकते. याले जाऊ दे."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथंच बदलीचा हुकूम लिहिला. मग भाऊंकडे वळले.

"अहो, एवढी साधी गोष्ट! तुम्ही स्वतः का नाही बोललात?"

भाऊंनी हात जोडले.

"साहेब, मांगनी कशी करावी ते चौदाव्या धड्यात हाये. मी बाराव्यातच झोपून राह्यलो!"